ज्येष्ठमध, बीपी आणि कॉर्टिसॉल आवरणारं एन्झाइम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातून येणारे प्रश्न दोन टोकांचे असतात. घरातली वडीलधारी विचारतात, "ज्येष्ठमधानं बीपी वाढतंय म्हणे, खरं काय?" आणि फार्मसी-नर्सिंगची मुलं विचारतात, "सर, ते एन्झाइम नेमकं करतं काय?" दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून सगळं एकत्र लावलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे मागाहून. जे एकदा सांगून झालं तिथं पुन्हा पाल्हाळ न लावता प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हे एन्झाइम कुठलं? त्याचं नाव एवढं लांबलचक का?

पूर्ण नाव ११-बीटा-हायड्रॉक्सीस्टिरॉइड डीहायड्रोजिनेज, टाइप २. नाव जीभ अडखळवणारं असलं तरी काम त्यातच लिहिलेलं आहे. स्टिरॉइडच्या सांगाड्यावर अकराव्या क्रमांकाचा जो कार्बन असतो, त्याच्यावरच्या हायड्रॉक्सी गटातला हायड्रोजन हे एन्झाइम काढून घेतं. रसायनशास्त्रात यालाच ऑक्सिडेशन म्हणतात. काढलेला हायड्रोजन एनएडी नावाच्या सहायक रेणूकडे सोपवला जातो. कॉर्टिसॉल (अॅड्रिनल ग्रंथीत तयार होणारं एक हार्मोन) आत जातं आणि कॉर्टिसोन बाहेर पडतं. दोन रेणूंत फरक फक्त दोन हायड्रोजन अणूंचा, पण कॉर्टिसॉल काम करतं आणि कॉर्टिसोन जवळजवळ निष्क्रिय असतं. पुढे या एन्झाइमला एचएसडी-२ एवढंच म्हणू.

२. स्टिरॉइड म्हणजे जिममधली पोरं घेतात तेच काय?

ते त्याच कुळातलं, पण वेगळ्या घरचं. जिममधलं स्टिरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉनची भावंडं. इथं विषय आहे तो किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत कोलेस्टेरॉलपासून तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलचा आणि अल्डोस्टेरॉनचा. टेस्टोस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर हायड्रॉक्सी गटच नसतो, त्यामुळे एचएसडी-२ त्याच्या वाटेला जात नाही.

३. एचएसडी-२ शरीरात कुठं असतं?

मुख्यतः किडनीत. त्याशिवाय मोठ्या आतड्यात, घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथींत, आणि गरोदर बाईच्या वारेत. वार सोडली तर बाकीच्या सगळ्या जागा मीठ वाचवणाऱ्या आहेत. लघवीतून, घामातून, शौचातून मीठ वाहून जाऊ नये म्हणून या पेशी सोडियम परत ओढून घेतात. अथणी-रायबागच्या उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाच्या घामातलं थोडंफार मीठ अंगातच राहतं, ते या व्यवस्थेमुळे. वारेतलं काम वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. कॉर्टिसॉल तर आपल्याच शरीराचं. मग ते निकामी करायचं कशाला?

सगळा विषय या प्रश्नावर उभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मीठ किती राखायचं हे ठरवणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. ते किडनीच्या पेशीतल्या एका रिसेप्टरला (हार्मोन ज्यावर येऊन बसतं त्या प्रथिनाला) चिकटतं, मग पेशी सोडियम आत ओढते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. १९८७ मध्ये माणसाच्या या रिसेप्टरचा जनुक वेगळा काढला गेला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. या रिसेप्टरला अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांत फरकच कळत नव्हता. दोघंही त्याला सारख्याच घट्टपणे चिकटत होते. आणि रक्तात कॉर्टिसॉल असतं अल्डोस्टेरॉनच्या शंभर ते हजार पट! मग किडनी अल्डोस्टेरॉनचं ऐकते कशी?

१९८८ मध्ये याचा उलगडा झाला. ओळख पटवण्याचं काम रिसेप्टर करतच नाही, ते एचएसडी-२ करतं. कॉर्टिसॉल पेशीत शिरलं की एचएसडी-२ त्याचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन या रिसेप्टरला चिकटत नाही. अल्डोस्टेरॉनची अकराव्या कार्बनपाशी रचना वेगळी असल्यामुळे ते सहीसलामत राहतं. हजार जणांच्या गलक्यात एकाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बाकीच्यांना गप्प बसवावं, तसं हे आहे.

गप्प बसवणारा तिथून हलला की कॉर्टिसॉल थेट रिसेप्टरवर जाऊन बसतं. किडनीला वाटतं, अल्डोस्टेरॉनचा पूर आलाय. ती मीठ-पाणी साठवत सुटते, बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं.

५. मग यात ज्येष्ठमध कुठून आला?

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिनची, आणि ते साखरेच्या पन्नासेक पट गोड असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं ग्लिसिरेटिनिक आम्ल करतात. या आम्लाचा सांगाडा स्टिरॉइडसारखा दिसतो. ते रक्तातून किडनीत पोचतं आणि एचएसडी-२ ला अडवून धरतं. पुढचं सगळं वर चौथ्या उत्तरात आलंच आहे.

हे कळायला चाळीस वर्षं लागली. १९४० च्या दशकात नेदरलँडमधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. अल्सरला गुण आला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज चढली. पुढच्या दशकात आणखी एक धागा हाती लागला. अॅड्रिनल ग्रंथी बंद पडलेल्या रुग्णांना नुसता ज्येष्ठमध दिला तर काही होत नव्हतं, जोडीला कॉर्टिसोन दिलं की परिणाम दिसायचा. म्हणजे मीठ साठवायला लावतंय ते कॉर्टिसॉल, ज्येष्ठमध फक्त त्याची वाट मोकळी करतोय. पण हा अर्थ नीट लागला तो १९८७ मध्ये, एडिंबरातल्या संशोधकांनी ज्येष्ठमधानं हेच एन्झाइम थांबतं हे दाखवलं तेव्हा.

६. किती खाल्लं तर त्रास होतो?

बाहेरच्या देशांत साधारण मर्यादा धरतात ती दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची. आता आपल्या चमच्यात हिशेब करू. मुळीत ग्लिसिरायझिन किती हे मुळीगणिक बदलतं, दोन टक्क्यांपासून पंधरापर्यंतही जातं. चार टक्के धरले तर अडीच ग्रॅम पुडीत (चूर्णात) १०० मिलिग्रॅम झाले. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत ग्रंथात) पुडीची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिलेली आहे, म्हणजे नेहमीची मात्रा या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. वैद्य ती ठरावीक दिवसांसाठी देतात. घरात मात्र एकदा सुरू झालेला काढा संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत चालतो, आणि बीपी बिघडतं ते अशा वेळी.

शंभराच्या आत असलं की पूर्ण निर्धोक, असंही नाही. स्वीडनमध्ये तरुण, निरोगी माणसांना रोज १०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. हा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. दोन आठवड्यांत वरचं बीपी सरासरी तीन अंकांनी वाढलेलं होतं. धडधाकट माणसाला तीन अंकांनी काही होत नाही. पण ज्याचं आधीच १५० आहे, जेवणात लोणचं-पापड रोज आहे आणि किडनीही थकलेली आहे, त्याला तेवढंही जड जातं.

७. सप्ताहात, भजनात आम्ही घशासाठी कांडी चघळतोच. बंद करायची काय ओ?

नाही. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी बेळगावजवळचंच. गाणाऱ्यांच्या या मुलखात ज्येष्ठमध बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकणार कोण? बीपी ठीक असेल, गोळ्या चालू नसतील, तर सप्ताहाच्या सात दिवसांत बोटाच्या पेराएवढी कांडी चघळल्यानं काही बिघडत नाही.

वर्षभर रोज गाणारे आणि कीर्तनकार यांना मी वेगळं सांगतो. ज्येष्ठमध पाण्यात उकळा, गाळा, कोमट झाला की गुळण्या करा आणि थुंकून टाका. घशाला हवं ते घशाला मिळतं आणि पोटात फारसं जात नाही. भूल देताना नळीनं घसा दुखू नये म्हणून आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या देण्याचे प्रयोग दवाखान्यांत झाले आहेत आणि त्यांत फायदा दिसला आहे. मुळीतला रस गिळलाच पाहिजे, असं काही नाही.

८. आमचे आजे-पणजे खात होते, त्यांना कुठं काय झालं?

त्यांचं बीपी कुणी मोजलं होतं? शिवाय ते ज्येष्ठमध खायचे खोकला झाला की, आणि खोकला गेला की थांबायचे. आता तोच पदार्थ सिरपात, चघळायच्या गोळीत, 'इम्युनिटी' चहात आणि काढ्याच्या पाकिटात एकाच दिवशी पोटात जातो, वर बीपीची गोळीही असते. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आपल्या बेळगावातच नेहरूनगरला आहे. तेव्हा "देशी औषधाला तपासणी कशाला?" हा प्रश्न निदान आपल्या गावाला तरी शोभत नाही.

९. त्रास होतोय हे ओळखायचं कसं?

पायावर सूज, डोकेदुखी, आधी आटोक्यात असलेलं बीपी अचानक न आवरणं. पोटॅशियम उतरलं की मांड्या-पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना पाय लटपटतात, बद्धकोष्ठ होतं, लघवीला सारखं जावं लागतं. छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं ही धोक्याची खूण. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. ते अडीचच्या खाली गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एक ५४ वर्षांचा माणूस काही आठवडे रोज दीड पाकीट काळी लिकोरिस मिठाई खात होता. हृदय बंद पडून तो गेला. २०२० मध्ये त्याची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात आली. लिकोरिस म्हणजे ज्येष्ठमधच.

धडधड आणि अशक्तपणा एकत्र असेल तर हे पान वाचत बसू नका. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम त्याच दिवशी करून घ्या.

१०. कुठल्या गोळ्यांबरोबर ज्येष्ठमध नको?

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पहिल्या. बीपीच्या पुष्कळ जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, सुजेसाठी फ्युरोसेमाइड देतात. या गोळ्या स्वतःच पोटॅशियम घालवतात, त्यात ज्येष्ठमधाची भर पडली की उतार वेगानं होतो. दुसरी हृदयाची डिगॉक्सिन, कारण पोटॅशियम कमी असताना ती विषारी ठरते. तिसरी स्टिरॉइडची गोळी, तिच्याविषयी प्रश्न १८ मध्ये. पोट साफ व्हायला जुलाब करवणारी औषधं रोज घेणाऱ्यांनीही जपावं.

यातली गोळी चालू असेल तर ज्येष्ठमध थांबवा. उलटं करू नका, म्हणजे ज्येष्ठमध ठेवून बीपीची गोळी सोडू नका. तसं करणारेही भेटतात.

११. बाटलीत किंवा पाकिटात ज्येष्ठमध आहे हे कळायचं कसं?

आपल्या भागात पाकिटावर कधी कन्नड, कधी हिंदी, कधी संस्कृत नाव असतं. यष्टिमधु, मुलेठी, अतिमधुर, लिकोरिस किंवा ग्लिसिरायझा ग्लाब्रा यातलं काहीही दिसलं तरी वस्तू तीच. खोकल्याची बहुतेक आयुर्वेदिक सिरपं, घशाच्या गोळ्या, अॅसिडिटीची चूर्णं यांत ती सापडते. मुळी किती घातली हे बाटलीवर असतं, त्यात ग्लिसिरायझिन किती हे सहसा नसतं, आणि तेच तर हवं असतं. डीजीएल असं लिहिलेली उत्पादनं वेगळी. त्यांतून ग्लिसिरायझिन काढून टाकलेलं असतं, त्यामुळे हा त्रास होत नाही.

चेहऱ्याच्या लेपात किंवा उटण्यात ज्येष्ठमध असेल तर काळजी नको.

१२. निपाणीचा तंबाखू, पान, कुंदा, करदंट यांतही असतो म्हणे?

कुंदा दूध-साखरेचा, गोकाकचा करदंट डिंक आणि सुक्या मेव्याचा. त्यांत ज्येष्ठमध नाही. बीपीवाल्यानं ते किती खावं हा वेगळा वाद आहे.

तंबाखूचं थोडं सांगायला हवं. अमेरिकी सिगारेटींत आणि चघळायच्या तंबाखूत चवीसाठी ज्येष्ठमधाचा अर्क घालतात. तसा तंबाखू चघळून रस गिळणाऱ्यांचं पोटॅशियम घसरल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे पानासोबत चुना लावून खातात त्या नुसत्या तंबाखूत तो नसतो. म्हणून तो तंबाखू चांगला, असं मात्र नाही. त्याचे दुष्परिणाम सांगायला हे एन्झाइम लागत नाही.

पानात मुलेठी घालणारे पानवाले आहेत. दिवसातून एक पान असेल तर ती चिमूटभर. गुंजेचा पालाही गोड लागतो आणि लोक त्याला ज्येष्ठमधाचा भाऊ समजतात, पण त्याची गोडी मुख्यतः वेगळ्या द्रव्यांची आहे, वरचा हिशेब त्याला लावू नये. गुंजेचं बी मात्र जहाल विषारी, ते पोरांच्या हाती लागू देऊ नका.

१३. बाळगुटीत ज्येष्ठमध उगाळतो. बाळाला बाधेल काय?

सहाणेवर दोन-चार वळसे म्हणजे फार थोडं, एचएसडी-२ च्या दृष्टीनं नगण्यच. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला इथंही लागू आहे. सहाण आणि पाणी किती स्वच्छ आहे, याची चिंता मला ज्येष्ठमधापेक्षा जास्त वाटते.

१४. गरोदरपणी खोकल्याला ज्येष्ठमध चालतोय काय?

टाळावा. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल बाळापेक्षा पुष्कळ जास्त असतं. वारेतलं एचएसडी-२ त्यातलं बरंचसं कॉर्टिसोन करून पुढे सोडतं, म्हणून वाढत्या गर्भाला त्याचा मारा सोसावा लागत नाही. फिनलंडमध्ये, जिथं लिकोरिसच्या गोळ्या आवडीनं खातात, तिथल्या अभ्यासांत आठवड्याला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लिसिरायझिन घेणाऱ्या आयांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, आणि पुढे त्यांच्या मुलांच्या बौद्धिक चाचण्यांतही फरक दिसला. कारण हेच आणि एवढंच, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण खोकल्याला दुसरे उपाय आहेत, मग हा धोका घ्यायचा कशाला? नकळत एक-दोनदा सिरप घेतलं गेलं असेल तर घाबरू नका.

याच एन्झाइममुळे डॉक्टर स्टिरॉइड निवडून देतात. आईच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन दिलं तर वार त्यातलं बहुतेक निष्क्रिय करते, बाळापर्यंत थोडंच पोचतं. दिवस भरायच्या आधी बाळंतपण होणार असेल आणि बाळाची फुप्फुसं तयार करायची असतील, तर बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात. एचएसडी-२ ला ते नीट पकडता येत नाही, म्हणून ते बाळापर्यंत पोचतं.

१५. ज्येष्ठमध बंद केल्यावर किती दिवसांत सगळं ताळ्यावर येतं?

आज बंद केला आणि उद्या बीपी उतरलं, असं होत नाही. ग्लिसिरेटिनिक आम्ल यकृतातून पित्तावाटे आतड्यात आणि तिथून परत रक्तात असं फिरत राहतं. बद्धकोष्ठ असलेल्यांत ते आणखी रेंगाळतं. एन्झाइम सावरायला दोनेक आठवडे, आणि दबलेलं रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारं किडनीतलं द्रव्य) आणि अल्डोस्टेरॉन पूर्ववत व्हायला काहींना महिने लागतात. तोवर डॉक्टर पोटॅशियम देतात, गरज पडली तर प्रश्न ४ मधला रिसेप्टर अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन देतात. पोटॅशियमची सिरपं मनानं घेऊ नका, किडनी कमजोर असेल तर ती उलटतात.

१६. मी ज्येष्ठमध खात नाही, तरी बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी. मग कारण काय?

आधी प्रश्न ११ मधली नावं घेऊन घरातल्या बाटल्या पुन्हा पाहा. "खात नाही" म्हणणाऱ्यांच्या पिशवीतून सिरप निघतं.

खरंच नसेल तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासतात. अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन कमी असेल तर अॅड्रिनल ग्रंथीच ते जादा बनवत असते, म्हणजे एचएसडी-२ चा दोष नाही. दोन्ही कमी असतील तर संशय एचएसडी-२ वर किंवा त्याच्या पुढच्या पायरीवर. तेव्हा लघवीतलं कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांचं प्रमाण मोजतात. कॉर्टिसॉलकडे झुकलं असेल तर एन्झाइम कमी पडतंय.

ज्येष्ठमधाशिवायही ते कमी पडतं. पोसाकोनाझोल आणि इट्राकोनाझोल ही बुरशीवरची औषधं स्टिरॉइडच्या कारभारात ढवळाढवळ करतात आणि चित्र हुबेहूब असंच उमटतं. २०२१ मध्ये करोनानंतरच्या काळ्या बुरशीसाठी कित्येकांनी पोसाकोनाझोल घेतलं, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. दुसरं, काही गाठींमुळे कॉर्टिसॉल इतकं भरमसाट तयार होतं की धडधाकट एचएसडी-२ सुद्धा ते आवरू शकत नाही. तिसरं, लिडल सिंड्रोम या आनुवंशिक आजारात किडनीतली सोडियमची वाहिनीच उघडी राहते. तिथं एन्झाइम आणि रिसेप्टर दोन्ही निर्दोष असतात आणि स्पायरोनोलॅक्टोनचा उपयोग होत नाही.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. त्यानंही बीपी आणि शुगर चढते. तशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि एकदम बंदही करू नका.

१७. हे एन्झाइम जन्मतःच नसलं तर? मामाच्या मुलीशी लग्न झालेल्यांना धोका असतो काय?

एचएसडी-२ चा जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर बाळात हे एन्झाइम जवळजवळ नसतं. असं बाळ कमी वजनाचं जन्मतं, नीट वाढत नाही, सारखी तहान, सारखी लघवी, आणि लहानपणीच बीपी मोठ्या माणसासारखं. उपचार न झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, किडनीत चुना साठतो. आजार अतिशय दुर्मीळ, जगभर नोंदलेले रुग्ण शंभराच्या आसपास.

मामा-भाची, आते-मामे भावंडं अशी लग्नं आपल्या भागात मराठी घरांत होतात, कन्नड घरांतही होतात. दोघांचे पूर्वज एकच असल्यानं एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. पण आजार इतका दुर्मीळ की नात्यात लग्न झालेल्यांनी या एका आजारासाठी धास्तावायचं कारण नाही. मात्र अशा घरात पाच-सहा वर्षांच्या मुलाचं बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी सापडलं, तर "मशीन खराब असेल" म्हणून सोडू नये. औषधं आहेत. स्पायरोनोलॅक्टोन चालतं, आणि कॉर्टिसॉलची निर्मितीच दाबायला डेक्सामेथासोनही वापरतात. किडनी बदलावी लागलेल्या रुग्णात नव्या किडनीसोबत एन्झाइमही आलं आणि आजार गेला, असंही घडलेलं आहे.

१८. कॉर्टिसोन निष्क्रिय असतं म्हणता, मग संधिवातावर त्याचंच इंजेक्शन कसं चाललं?

हा प्रश्न फार्मसीच्या मुलांचा, आणि बिनतोड. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉक्टर हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळालं ते अॅड्रिनलच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी. निष्क्रिय कॉर्टिसोन तिथं चाललं कारण यकृतात याच एन्झाइमचा भाऊ टाइप १ बसलेला आहे. तो उलट दिशेनं काम करतो आणि कॉर्टिसोनचं पुन्हा कॉर्टिसॉल करतो. किडनीत विझवलेलं यकृतात पेटतं, असा हा फेरा शरीरात सतत चालू असतो. हाच टाइप १ दाबून मधुमेह आवरायचे प्रयत्न औषध कंपन्यांनी केले, पण नेहमीच्या वापरातली गोळी त्यातून निघाली नाही.

प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन यांचं नातं अगदी असंच. प्रेडनिसोन यकृतात पेटल्याशिवाय काम करत नाही, म्हणून यकृत फार बिघडलेलं असेल तर थेट प्रेडनिसोलोन देतात, आणि आपल्याकडे बहुतेक तेच मिळतं. ते निष्क्रिय करण्याचं काम एचएसडी-२ करतं. त्यामुळे प्रेडनिसोलोन चालू असताना रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतला तर गोळीचा अंमल लांबतो, मात्रा न वाढवताही ती वाढल्यासारखी लागू पडते. दमेकरी आणि संधिवातवाल्यांनी खोकल्याचं देशी सिरप उघडण्याआधी त्याच्या बाटलीवर यष्टिमधु लिहिलंय का, हे वाचून घ्यावं.